मागच्या सीटचा पट्टा

१

गाडी हलवण्याआधी दोघांचा रोजचा एक पाठ असे. प्रोफेसर स्टिअरिंगवर हात ठेवून एकेक वस्तू पुकारत आणि डॉक्टरीणबाई मागून उत्तर देत. गॅस? बंद. खिडक्या? बंद. कपाटाची कडी? लावली. किटली? सिंकमध्ये, टॉवेलात गुंडाळून. शेवटी प्रोफेसर विचारत, "आपण?" आणि बाई पुढच्या सीटवर येऊन बसत म्हणत, "आहोत अजून." हा विनोद इतका जुना झाला होता की त्यावर हसायचं दोघांनी कधीच सोडलं होतं. पण एखाद्या सकाळी तो राहून गेला, तर दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं वाटे.

गाडीचं नाव बिऱ्हाड. दोघं निवृत्त झाल्यावर त्यांनी ही कॅम्पर व्हॅन घेतली, तेव्हा लेकीनेच ते ठेवलं होतं. विंचवासारखे पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणार तुम्ही, म्हणाली होती. आत दोन माणसांपुरता संसार होता: मागे पलंग, मध्ये शेगडी आणि सिंक, घडीचं टेबल, आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे, सरकत्या दाराजवळ, पाहुण्यासाठी एक जादा सीट. पाहुणा सहसा नसे. त्या सीटवर भाजीची पिशवी बसे.

या खेपेला ते डोंगर ओलांडून त्याच लेकीकडे निघाले होते. ती बाळंत झाली होती. मुलगी झाली, पण बाळंतपण जड गेलं होतं आणि अजून तिच्या अंगात त्राण नव्हतं. तरी फोनवर तिने एक गोष्ट ठणकावून सांगितली होती: बाळाची पहिली चक्कर बिऱ्हाडातून, आजोबांबरोबर, तोवर तिला उंबऱ्याबाहेर काढणार नाही. ते ऐकून प्रोफेसर दोन दिवस जमिनीवर नव्हते.

मग जावयाने फोन घेतला आणि अगदी गोड आवाजात सुचवलं की इकडे आलात की गाडी इकडेच राहू दे, तिला गिऱ्हाईक आहे. मागच्या हिवाळ्यात गॅस चालू राहिला होता, एकदा तुम्ही भलत्याच गावाला पोचला होतात. वयाचा मान ठेवायला हवा, बाबा. प्रोफेसर फक्त "बघू" म्हणाले. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाचं "बघू" म्हणजे सपशेल नकार असतो, हे त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. पण फोन ठेवल्यावर ते बराच वेळ किल्लीकडे पाहत बसले. गॅस खरंच चालू राहिला होता. त्या भलत्या गावाचा रस्ता त्यांना अजूनही बरोबरच वाटत होता.

२

घाटमाथ्याच्या जरा अलीकडे गाड्या उभ्या करायला मोकळी जागा होती. तिथे ते चहाला थांबले. उतारावरची झाडं पिवळी-तांबडी पेटली होती आणि वारा नसतानाही पानं एकेक करून सुटत होती. त्यांनी दोन घडीच्या खुर्च्या दरीकडे तोंड करून मांडल्या. गाडी पाठीमागे, तिचं सरकतं दार हवा खेळायला सताड उघडं. बाळाचं नाक कुणावर गेलं असेल यावर चर्चा झाली. माझ्यावर नसलं म्हणजे मिळवली, असं बाई म्हणाल्या. तुझ्या नाकाने आजवर कुणाचं काही बिघडलं नाही, असं प्रोफेसर म्हणाले, आणि ते कौतुक होतं की टोमणा हे ठरायच्या आत चहा संपला.

पाठ म्हणून झाला. गाडी रस्त्याला लागली आणि लगेच डॅशबोर्डवर घंटी वाजू लागली. टिंग. टिंग. टिंग. पट्टा न लावलेल्या माणसाचं लाल चित्र, आणि खाली मागच्या सीटची खूण.

"पिशवी ठेवलीस का गं सीटवर?"

"पिशवी कपाटात आहे."

प्रोफेसरांनी गाडी कडेला घेतली. सीट रिकामी होती. त्यांनी ती झटकली, थोपटली, खाली वाकून पाहिलं. इंजिन सुरू केलं की पुन्हा टिंग. दोन-तीनदा असं झाल्यावर बाई वैतागल्या. त्यांनी तो पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून आडवा घेतला आणि खटकन बकलात बसवला. घंटी थांबली.

"झालं. किरकिऱ्या पोराच्या तोंडात बोळा दिला."

असं सगळेच करतात. सीटवर सामान ठेवलं आणि घंटी ऐकवेना, की लोक पट्टा लावून मोकळे होतात. आपण कुणाला तरी बसायला जागा दिली, असं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

३

तरी प्रोफेसरांचं मन खात होतं. बायको त्यांना शंकोबा म्हणे ते उगाच नाही. घाट उतरून पहिलं गाव लागलं तिथे गॅरेज दिसताच त्यांनी गाडी आत घातली. मेकॅनिक गुबगुबीत, बोलघेवडा, हाताला काळं आणि तोंडात शीळ. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, आजोबा, माणसाचं वय झालं की गुडघे बोलतात, गाडीचं झालं की सेन्सर.

त्याने पट्टा सोडला, सीटखाली हात घालून वायर हलवली आणि वजनाची चाचणी घ्यायला स्वतः सीटवर टेकला. टेकला तसा उठला. अंधारात कुणाच्या मांडीवर बसल्यावर माणूस उठतो, तसा. त्याने पँटच्या मागच्या बाजूवरून हात फिरवला.

"मागच्या सीटचा हीटर बंद करत जा, आजोबा. बॅटरी खातो."

"मागे हीटर नाही."

मेकॅनिकने आभाळाकडे पाहिलं. सकाळपासून उन्हाचा पत्ता नव्हता. तरी तो म्हणाला की उन्हाने तापली असेल. मग पट्टा स्वतःच परत लावला, तो असाच राहू द्या म्हणाला आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला. शीळ मात्र त्याने पुन्हा घातली नाही.

प्रोफेसर सीटजवळ गेले. हात पुढे केला आणि मागे घेतला. ऊब आहे असं हाताला लागलं असतं, तर आपल्या हातावर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्न आला असता. नाही लागली असती, तर मेकॅनिकच्या शब्दावर. त्यांनी दोन्ही प्रश्न टाळले आणि दार लावून घेतलं.

४

त्या दिवशीचा मुक्काम नदीकाठच्या कॅम्पवर. हंगाम सरत आल्यामुळे तिथे दुसरं कुणी नव्हतं. आजूबाजूला घोट्याएवढा पाचोळा साचला होता. अजून चांगला उजेड होता. प्रोफेसर बाहेर पायरीची फळी पुसत होते. आत बाई शेगडीपाशी सूप ढवळत होत्या, आणि ढवळण्याचा आवाज थांबला.

"अहो, जरा आत या. दारात उभे राहू नका."

आवाज शांत होता. बाई जन्मभर भूल देण्याचं काम करत आल्या होत्या. टेबलावरच्या माणसाचं काही बिघडलं की आजूबाजूचे घाबरत आणि यांचा आवाज जास्तच खाली येई. लग्नानंतर प्रोफेसरांनी तो आवाज फार थोड्या वेळा ऐकला होता, आणि एकदाही चांगल्या कारणासाठी नाही.

बाईंनी चमच्याने सीटकडे दाखवलं. रिकाम्या सीटवरचा पट्टा पाठीला चपटा चिकटून असतो. हा तसा नव्हता. तो सीटपासून वीतभर पुढे, हवेत, गोलाई घेऊन ताणलेला होता. खालचा पट्टाही मांडीच्या उंचीला. मध्ये काही नव्हतं. मागचं कापड स्वच्छ दिसत होतं.

"हलतोय," बाई म्हणाल्या. "छातीपाशी बघा."

प्रोफेसरांनी पाहिलं. पट्टा सावकाश पुढे येत होता, थबकत होता आणि सावकाश मागे जात होता.

"वाऱ्याने?"

"मी उभ्या जन्मात दुसरं काही पाहिलेलं नाही. हा श्वास आहे. आणि झोपेतला नाही. झोपलेला असतो तो वेगळा. हा जागा आहे आणि गप्प बसलाय."

प्रोफेसरांना क्षणभर सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. निदान हे दोघांना दिसत होतं. म्हातारपणाचा भ्रम असेल तर तो एकट्यालाच होतो, जोडीने होत नाही. मग लगेच त्यांच्या मनाने दुसरी बाजू मांडली: इतकी वर्षं एकत्र राहिलेल्या माणसांना तोही जोडीने होत असेल. कुणी सांगावं?

"पट्टा सोडू या," ते म्हणाले. "दार उघडं आहे. जाईल."

बाईंना पटलं नव्हतं. पण त्यांनी बकल दाबलं. पट्टा सुर्र करून आपल्या खोबणीत गेला. दोघं बाहेर येऊन खुर्च्यांवर बसले आणि वाट पाहू लागले. गाडी किंचित हेलावली. माणूस पायरीवरून उतरला की हेलावते तेवढीच. मग दारासमोरचा पाचोळा एका जागी दबला. त्याच्या पुढे आणखी एका जागी. चुर्र, आणि थोड्या वेळाने पुन्हा चुर्र. पावलं नदीकडे गेली नाहीत, रस्त्याकडेही नाहीत. ती खुर्च्यांकडे आली आणि बाईंच्या उजव्या हाताशी थांबली. नुकतं कुठेतरी शिकल्यासारखा एक श्वास त्यांच्या कानापाशी आत गेला आणि बाहेर आला.

प्रोफेसर खुर्चीला धरून राहिले. बाई मात्र उठल्या. पदर खोचावा तसा स्वेटर खाली ओढला आणि हॉस्पिटलच्या आवाजात म्हणाल्या, "चला. आत चला बघू. इथे गारठा आहे. बसा, मी पट्टा लावते."

पाचोळा परत वाजत गेला. गाडी किंचित दबली. बाईंनी आत जाऊन पट्टा ओढला. या खेपेला तो लांबपर्यंत ओढावा लागला. मग खट्.

बाहेर येऊन त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"अहो-जाहो केलंस त्याला," प्रोफेसर म्हणाले.

"मग काय अरे-तुरे करू? ओळख ना पाळख."

दोघं हसले. फार वेळ नाही, पण हसले.

५

सकाळी त्यांनी सगळा विचार मांडला, जसा वर्गात फळ्यावर मांडावा. गाडी इथेच टाकून बसने जाता येईल. पण मग हे पट्टा सोडून मागे येणार नाही याची खात्री काय? बकल उघडायला त्याला येत नाही असं दिसतं. पण येतच नाही, की अजून आलेलं नाही? बांधलेलं असतं तोवर बसून असतं, एवढंच हाती होतं. एका अनुभवावरून नियम काढणाऱ्या विद्यार्थ्याला प्रोफेसरांनी नापास केलं असतं. आज त्याच नियमावर त्यांची सगळी भिस्त होती.

"परतच जाऊ," बाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांच्याच्याने पुढे बोलवेना. जावई कामावर रुजू झाला होता, लेक दिवसभर एकटी होती आणि अजून जिना चढताना बसत होती.

"तू जायलाच हवंस," प्रोफेसर म्हणाले. "गल्लीच्या तोंडाशी सोडतो तुला. मी गाडीतून उतरणार नाही आणि दार उघडणार नाही. ज्याचं नावगाव ठाऊक नाही त्याला बाळंतिणीच्या खोलीत नेत नसतात."

"आणि मग तुम्ही कुठे जाणार?"

"वर घाटात. जिथे हे गाडीत बसलं तिथे."

"आणि तिथे काय करणार?"

ते म्हणाले, "बघू."

मग बाई म्हणाल्या की लेकीला काय सांगू? सगळं सांगितलं तर आपल्या दोघांना वेड्यात काढतील आणि मलाही बाळाला हात लावू देणार नाहीत. प्रोफेसरांनी तेही रात्री ठरवून ठेवलं होतं. "सांग, बाबांचं डोकं ठिकाणावर नाही. पटेल त्यांना. तयारीतच आहेत." हे बोलताना त्यांचा आवाज जरासा चिरकला आणि त्याचाच त्यांना राग आला. "पण किल्ली मी देणार नाही. वेडा म्हणा, काही म्हणा."

६

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. बाई पुढच्या दाराने उतरल्या, पिशवी घेतली, आणि दार लावताना मागे न बघता मागच्याला म्हणाल्या, "तुम्ही बसा हं." मग झपझप चालू लागल्या.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं असतं. पण लेकीने खिडकीतून बिऱ्हाड पाहिलं होतं. आई निम्म्या वाटेवर असतानाच ती घरातून बाहेर आली, ओझ्याने नाही तर आनंदाने वाकडीतिकडी चालत, छातीशी दुपट्याचं गाठोडं. आईने तिला अडवायला हात पसरले. लेकीला वाटलं मिठीच मारते आहे. तिने एका हाताने आईला मिठी मारली आणि तशीच पुढे आली. बाई मागून हाक मारत होत्या. लेक हसत सरकत्या दारापाशी पोचली आणि तिने मुठीला हात घातला.

प्रोफेसरांनी कुलपाचं बटण दाबलं. चारी दारं एकदम वाजली.

लेकीने मूठ दोनदा ओढली. मग ती ड्रायव्हरच्या खिडकीशी आली. ती फार वाळली होती. दुपट्यातून एक लालसर कपाळ आणि आजीचं नाक दिसत होतं.

"बाबा, दार उघडा ना. चक्कर मारायची आहे हिला."

प्रोफेसरांनी काच खाली केली नाही. "आज नाही, बेटा."

"अहो पण ही बघा तरी. तुमच्यासाठी थांबवलंय हिला आम्ही. मागे बसते मी तिला घेऊन, हळू चालवा."

बाळ रडायला लागलं. काचेतून तो आवाज मांजराच्या पिलाएवढाच येत होता. प्रोफेसरांच्या मानेमागे पट्ट्याची चकरी फिरू लागली. सुर्र. पट्टा कुणीतरी सावकाश, बेतानं, सगळाच्या सगळा बाहेर काढत होतं. पाठीमागून दाराच्या दिशेला. आणि मग सरकत्या दाराच्या काचेवर, आतल्या बाजूने, कपाळ टेकल्यावर उमटते तशी वाफ उमटली.

लेकीला ती दिसली नाही. ती फक्त बापाचा चेहरा पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर आधी नवल आलं, मग राग, आणि मग ती गोष्ट आली जिची प्रोफेसरांना जावयाच्या त्या फोनपासून भीती होती. कीव.

"बाबा," ती लहान मुलाशी बोलावं तशी बोलली, "तुम्ही मला ओळखलंत ना?"

"तुला जन्मापासून ओळखतो," प्रोफेसर म्हणाले. "मागे हो. गाडी मागे घेतोय."

"किल्ली द्या मला. प्लीज."

"नाही देत."

तोवर बाई पोचल्या. त्यांनी लेकीला खांद्याला धरून फुटपाथवर ओढलं आणि नवऱ्याकडे मान हलवली, जा. प्रोफेसरांनी गाडी मागे घेतली. आरशात त्यांना त्या दोघी लहान होत जाताना दिसल्या. लेक रडत होती आणि आई तिला काहीतरी सांगत होती. काय सांगत असेल ते त्यांनीच सकाळी शिकवलं होतं.

७

घाट लागला तेव्हा उन्हं कलली होती. वाटेत फोन वाजला. बाईच होत्या.

"मांडीवर आहे माझ्या. झोपली आत्ता. अहो, घोरते. ऐकवू का?"

नातीला हात लावायला मिळाला नव्हता. घोरणं तरी कानावर पडलं असतं. प्रोफेसरांना ते इतकं हवंसं वाटलं की हातातलं स्टिअरिंग घामाने ओलं झालं. मागे पट्टा एकदम स्तब्ध होता. कान देऊन ऐकणारा माणूस श्वास धरतो, तसा.

"नको," ते म्हणाले. "ठेव तू फोन."

फोन बंद करून त्यांनी दाराच्या खणात टाकला आणि प्रथमच, इतक्या प्रवासात प्रथमच, ते मागच्याशी बोलले. मोठ्याने, मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात.

"तुला कुठे जायचं होतं ते कळलं मला. तिथे आपण जाणार नाही. तू कोण आहेस ते मला ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर जाणून घ्यायचीही इच्छा नाही, हे माझ्या स्वभावाला धरून नाही तरी. मी म्हातारा आहे, विसरभोळा आहे. गॅस चालू ठेवतो म्हणे. पण टाकी भरलेली आहे आणि मला बसून राहायची सवय आहे. तू दमशील का ते माहीत नाही. मी दमेपर्यंत तरी मी आहे."

रस्ता बोगद्यात शिरला.

आत अंधार, आणि पुढच्या काचेचा आरसा झाला. डॅशबोर्डच्या फिकट उजेडात प्रोफेसरांना स्वतःचा चेहरा दिसला, आणि खांद्याच्या वर, मागे, दुसरं काही. बघायचं नाही असं ठरवूनही त्यांनी पाहिलं. दोन गुडघे होते. जुळवून ठेवलेले, शहाण्यासारखे. वर काय होतं ते काचेवरच्या दिव्याच्या डागाने झाकलं होतं. आणि एक हात होता. बोटं फार लांब, आणि ती पट्ट्यावरून खाली खाली चाचपत चालली होती. पट्टा कुठे अडकवलेला आहे ते शोधत. सावकाश, चुकत, पुन्हा पहिल्यापासून. शिकत.

हात डाव्या बाजूला शोधत होता. बकल उजवीकडे होतं.

समोर कुणी चुकत असताना गप्प राहणं प्रोफेसरांना कधी जमलं नव्हतं. वर्गात नाही, घरात नाही, पाहुण्यांच्या पंक्तीतही नाही. त्यावरून बायकोने आयुष्यभर कपाळाला हात लावला होता. आताही शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला.

त्यांनी दात आवळले, गिअर बदलला आणि गाडी आणखी वर घेतली.